आष्ट्याचं इंजिन

१४ मार्च १९४७, तासगाव

फटफटी गेली. मणेराजुरीच्या अलीकडच्या चढावर कडकन आवाज आला, मग लोखंडावर लोखंड घासलं आणि मागचं चाक जागीच आवळलं. मी पडलो नाही एवढंच. खाली वाकून पाहिलं तर इंजिनाच्या पोटाला भोक पडलं होतं आणि आतला दांडा मोडलेल्या हाडासारखा बाहेर आला होता. ढोरांची हाडं बसवायची विद्या मला परळच्या कॉलेजात शिकवली आहे. ही विद्या मला येत नाही.

पानमळ्यातून परत येणाऱ्या एका गाडीवानानं फटफटी गाडीत चढवू दिली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. गाडीत विड्याच्या पानांचा ओला वास होता आणि मी त्या मोडक्या यंत्रावर हात ठेवून बसलो होतो, आजारी वासराजवळ बसावं तसा.

विजयमालेनं पायांना ऊन पाणी काढून दिलं. म्हणाली, "आता विकून टाका ती. लोखंडाच्या भावानं घेईल कुणीतरी." तिला फटफटी पहिल्यापासून आवडत नाही. कपड्यांना तेलाचा वास येतो, रस्त्यात लोक बघतात. सांगलीला बदली मागा असं माझे सासरे दर पत्रात लिहितात. तीही मनातून तेच म्हणत असणार. 

फटफटी बोर्डाची नाही, माझी स्वतःची आहे. साताऱ्याच्या एका जंगल अधिकाऱ्याकडून जुनी घेतलेली, लहानशी. पण लोकल बोर्डाच्या जनावरांच्या डॉक्टरला ह्या तालुक्यात तिच्याशिवाय पाय नाहीत.

१८ मार्च

आमच्या दवाखान्याचा शिपाई केरबा बाजारातून बातमी घेऊन आला. पूर्वेला, जतच्या वाटेवर, बुळकांडी लागली आहे. ढोरांना ताप येतो, तोंडात फोड येतात, मग हगवण, आणि आठवड्यात गोठा रिकामा. लागल्यावर औषध नाही. लागायच्या आधी लस टोचली तरच जनावर वाचतं. ती लस पुण्याहून बर्फात घालून भिलवडी स्टेशनला येते. बर्फ संपला की लस म्हणजे नुसतं पाणी.

गेल्या वर्षी, फटफटी घ्यायच्या आधी, मी बैलगाडीनं निघालो होतो. कवठे महांकाळच्या पलीकडे कोंडीबा नावाच्या धनगराची वाडी आहे. त्याच्याकडे मेंढरं आहेत आणि खिलार गुरांचा मोठा कळपही. कवठ्यापर्यंत छोटी रेल्वे जाते, पण मिरजेवरून वळसा घालून, आणि वाडी रुळापासून लांब. म्हणून गाडी. दुपारपर्यंत डब्यातला बर्फ विरघळला आणि मी लस रस्त्याकडेला ओतून दिली. वाडीत पोचलो तेव्हा कोंडीबा सकाळपासून कळप कोंडून उभा होता. मी सांगितलं.  त्यानं गुरांच्या वाडग्याचं कुडाचं दार उघडलं आणि एकेक गाय बाहेर सोडली, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत. पंधरवड्यात त्यातल्या निम्म्या गेल्या.

यंदा पुन्हा बैलगाडीनं जायचं माझ्यात बळ नाही.

२१ मार्च

सांगलीच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं एक नाव सांगितलं. आष्ट्याचा कृष्णात. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला, पलटणीच्या मोटारसायकली दुरुस्त करणारा. आज त्याच्याकडे जाऊन आलो.

माणूस ठेंगणा, रुंद खांद्यांचा, अंगात अजून खाकी चड्डी. घरची थोडी उसाची जमीन आहे, ती भाऊ बघतो. मी इंजिनाची हकीकत सांगितली. त्यानं मान हलवली.

"दांडा पोटातनं भाईर आलाय म्हंजी ते इंजिन सोडा. त्येचं सामान आता मुंबईत बी मिळायचं न्हाई. दुसरंच बसवाय पायजे."

"दुसरं कुठून आणू?"

त्यानं उलट मलाच विचारलं, "एवढी घाई कशापायी, डाक्टर? तुमास्नी घोडं मिळतंय की."

मग मी त्याला बुळकांडीचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, आणि कसं कोण जाणे, कोंडीबानं गाई कशा सोडल्या तेही सांगितलं. विजयमालेला सोडून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कृष्णात ऐकत राहिला. हातातला पाना त्यानं चिंधीनं पुसला, पुन्हा पुसला. मग उठला आणि मला परसात घेऊन गेला.

तिथं नवी शेड आहे. जमीन सारवलेली, मध्ये दगडी ओटा, ओट्यावर गोणपाटाखाली एक लहानसं इंजिन बोल्टांनी पक्कं बसवलेलं. लष्कराच्या हलक्या फटफटीचं आहे, विमानातून छत्रीनं खाली सोडायच्या त्या. खडकीला लिलाव झाला तेव्हा मोडकी फटफटी त्यानं घेतली. सांगाडा गेलेला, इंजिन धड.

"हे इथं कशाला बसवलंय?" मी विचारलं.

"पडून हाय. बसवून ठिवलं म्हंजी धूळ जात न्हाई आत."

त्याची बायको शालूबाई माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती. ती दारातच थांबली. नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. पडूनच हाय." तांब्या ठेवला आणि आत गेली. परक्या माणसासमोर बोलायची तिला सवय नसावी.

शेडमध्ये आणखी बरंच सामान होतं. पत्र्याचा एक पंखा, लोखंडी गजांचं अर्धं पिंप, खाली मोठी चाळण. वाळू चाळायला असेल, घराचं बांधकाम काढलं आहे वाटतं. लष्करात राहिलेल्या माणसाची टापटीप मात्र बघण्यासारखी.

पैशांचं विचारलं तर म्हणाला, "आदी बसतंय का बघू."

परत येताना मोटारीत मला अकारण हसू येत होतं. कुणाकडे तरी इंजिन पडून असतं आणि आपल्याला त्याचीच गरज असते. देव आहे म्हणायचा.

२५ मार्च, आष्टा

फटफटी बैलगाडीनं सांगलीवरून आणली. रजा टाकली आहे आणि कृष्णातच्या सोप्यात पथारी आहे.

आज जुनं इंजिन उतरवलं. त्याचा गिअरबॉक्स वेगळा होता, तोही काढला. नव्यात दोन्ही एकाच पोटात आहेत. मधला भाग रिकामा झाल्यावर सांगाडा फारच केविलवाणा दिसू लागला. मी पाने हातात द्यायचं काम केलं.

मग कृष्णातनं नवं इंजिन ओट्यावरून सोडवायला घेतलं. तीन नट भराभर निघाले. चौथ्याला पाना लावून तो बराच वेळ तसाच बसला. नट घट्ट असावा. मी म्हटलं, "मी जोर लावू का?" तो म्हणाला, "नगं. निगतोय." आणि खरंच एका झटक्यात निघाला.

२८ मार्च, आष्टा

बसत नाही. इंजिनाच्या पायांची भोकं एकीकडे, सांगाड्याची दुसरीकडे. कृष्णातनं मोडक्या गाडीच्या चाकाची धाव लोहाराकडून सरळ करून घेतली आणि तिच्या पट्ट्या कापल्या. इंजिन त्या पट्ट्यांवर टांगायचं. काल दिवसभर भोकं पाडली. आज चेन चढवली तर चेन तिरकी. इंजिनाचं दातेरी चाक आणि मागच्या चाकाचं दातेरी चाक एका रेषेत नाहीत, बोटभर फरक.

"तुमी धरताना हालवलं," कृष्णात माझ्यावर चिडला.

मी हलवलं नव्हतं. तासाभरानं त्यालाच कळलं की माप घेताना मागच्या चाकाची एक चकती बसवायची राहिली होती. सगळ्या पट्ट्या वाया. त्यानं हातोडा भिंतीकडे फेकला.

चुलीपाशी शालूबाई होती. तिथूनच म्हणाली, "पलटनीत बी असंच मोजत हुता काय? मग जर्मन कसा हरला म्हनायचा?"

 मग कृष्णात हसायला लागला, तशी तीही हसली, आणि मीही. शालूबाईला मी प्रथमच हसताना पाहिलं.

दुपारी एक शेतकरी शेंगांची दोन पोती गाडीत घालून दारात आला. शेडमध्ये डोकावला, रिकाम्या ओट्याकडे बघितलं, मग फटफटीकडे, मग माझ्याकडे. कृष्णात त्याला बाजूला घेऊन काही बोलला. तो पोती घेऊन तसाच परत गेला. परवाही एक जण असाच येऊन गेला. ह्या भागात लोक शेंगा विकायला दारोदार फिरतात असं दिसतं. मला हव्या असत्या तर मी घेतल्या असत्या, बिचाऱ्याची चक्कर वाचली असती.

३१ मार्च

सुरू झाली. नव्या पट्ट्या बरोबर बसल्या, धुराची नळी लोहारानं वाकवून दिली, पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकी भरली. कृष्णातनं लाथ मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग त्यानं प्लग काढला, पुसला, माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "तुमी मारा. तुमच्या पायाची वळख व्हऊ द्या." माझ्या तिसऱ्या लाथेला ती खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. आवाज जुन्या इंजिनापेक्षा बारीक आहे, शिवणयंत्रासारखा. कोंबड्या पळाल्या. कृष्णात कान लावून ऐकत राहिला, डोळे मिटून. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, इतकं समाधान होतं त्यावर, आणि आणखी काहीतरी होतं जे मला वाचता आलं नाही.

निघताना पुन्हा पैशांचा विषय काढला. म्हणाला, "म्होरं बघू. आदी जनावरं बघा."

शालूबाईनं भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली. तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं उलली होती, चिंध्या बांधल्या होत्या. मी आयोडीन लावून दिलं. विचारलं तर म्हणाली, "पेरनीचं बी फोडतोय नव्हं. रास हाय घरात." एवढा हुशार कारागीर घरात असून त्याची बायको हातानं शेंगा फोडते. माणसाचं स्वतःच्या घराकडे लक्ष नसतं हेच खरं. मी हे त्याला थट्टेनं बोलूनही दाखवलं. त्यानं फक्त मान हलवली.

सांगलीच्या पुलावर थांबून मी नदीकडे बघत भाकरी खाल्ली. असं जेवण बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

७ एप्रिल

काल जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

तार आली होती. सकाळी भिलवडीला गेलो. गार्डनं पेटी काढून दिली. आत भुसा, भुशात पत्र्याचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात लसीच्या कुप्या. ती पेटी घेऊन तासगावला आलो तेव्हा लक्षात आलं की पुढच्या रस्त्यावर ती मागं नुसती बांधून चालणार नाही. कवठ्याच्या पुढं रस्ता म्हणजे ओढ्यातले गोटे. दणक्यानं कुप्या फुटतील. कुणीतरी मांडीवर धरून बसायला हवं. केरबाला म्हटलं. तो म्हणाला, "सायेब, मी चालत म्हनशीला तितं येतो. त्येच्यावर न्हाई बसनार." 

विजयमाला दारात होती. म्हणाली, "मी धरते."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"जे आतापर्यंत म्हणत होते तेच." तिनं लुगड्याचा काचा घट्ट केला, पदर खोचला, घरातून तिच्या आईनं दिलेली गोधडी आणली, पेटीभोवती गुंडाळली आणि मागं बसली.

बाजारातून जाताना माणसं दुकानाबाहेर आली. मी समोर बघत राहिलो. ती काय करत होती ते दिसत नव्हतं. नंतर म्हणाली की तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि ओळखीच्यांना मान हलवली.

जिथं जुनं इंजिन गेलं त्याच चढावर मी जीव मुठीत धरला. हे चढलं. कवठ्याच्या पुढं मात्र तापलं, जोर कमी झाला. बाभळीखाली थांबलो. पेटीतून बर्फाचं पाणी झिरपत होतं आणि विजयमालेचं लुगडं कमरेखाली ओलं झालं होतं. तिनं ते पिळलं, तेच पाणी माझ्या रुमालावर घेतलं आणि म्हणाली, "हे तुमच्या इंजिनाला लावायचं का?" मी म्हटलं, नको, तापलेल्या लोखंडाला गार पाणी लागलं तर तडकेल. मग आम्ही दोघं शेजारी बसून इंजिन निवायची वाट बघत राहिलो. माळावर वारा होता. ती सांगलीचं काही बोलली नाही.

वाडीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कोंडीबानं ह्या वेळी कळप कोंडला नव्हता. तो काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"आलासा?" म्हणाला. "मागल्या साली बी आला हुतासा."

"आज बर्फ आहे," मी म्हटलं.

"आसंल." तो उठला नाही. "पन आता कुनाला टोचायचं? ऱ्हायल्यात त्येंच्यात तापलेली कुटली नि धड कुटली, मला तरी कुटं कळतंय. तुमचं टोचून मेली तर गाव मला हसंल."

मी समजावत होतो. लस टोचल्यावर थोडा ताप येईल, एखादं जनावर बसेलही, हे मी लपवलं नाही. त्यामुळे त्याचा चेहरा आणखीच बंद झाला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात त्याची बायको भामाबाई पुढं आली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं विजयमालेचं ओलं लुगडं हातात धरून पाहिलं, मग तिचे हात हातात घेतले. पेटी धरून ते गारठले होते.

"ह्ये कुठनं भिजलीस गं बाय?"

"ह्याच्यातलं पाणी आहे, मावशी. सांडू नये म्हणून मांडीवर घेतलं होतं."

"तासगावापासनं?"

"हो."

भामाबाई नवऱ्याकडे वळली. "उठा," म्हणाली. "कुनाची लेक हाय कुनास ठावं, आपल्या गाईपायी कडेवरच्या पोरावानी पेटी घिऊन आलीया. उठा आन वाडगं उगडा."

कोंडीबा उठला.

अंधार पडेपर्यंत टोचत होतो. भामाबाई एकेका गाईला नावानं हाक मारायची आणि ती खरंच यायची. शेवटच्या कुपीपर्यंत बर्फ पुरला. परत निघताना मी हँडलला हात लावला आणि आष्ट्याच्या त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

१३ एप्रिल

वाडीवर जाऊन आलो. एक गाय बसली आहे. अंग तापलेलं, चारा तोंडात घेत नाही. कोंडीबा तिच्याजवळ बसून आहे आणि माझ्याशी बोलत नाही. लसीचा ताप असेल तर उतरेल. बुळकांडीच असेल तर मीच ती घेऊन आलो असं सगळे म्हणतील. मी रोज सगळं ठामपणे सांगतो, पण आज तिच्या तोंडात बोट घालून फोड आहेत का ते मी तीन-तीनदा बघितलं. फोड दिसले नाहीत. उद्या दिसतील का, माहीत नाही.

१६ एप्रिल

गाय उठली. भामाबाईनं मला दूध दिलं, त्याच गाईचं. ते पिऊ नये असं डॉक्टर म्हणून मी सांगायला हवं होतं. चांगलं उकळून घेतलं आणि प्यालो.

२ मे

शेजारच्या दोन वाड्यांत बुळकांडी येऊन गेली. कोंडीबाच्या वाडग्यात शिरली नाही. ह्या महिनाभरात मी आणि विजयमाला पाच गावं फिरलो. आता बाजारात कुणी बाहेर येऊन बघत नाही. उलट वाण्यानं काल तिला विचारलं, "आज कुठली पेटी?"

कोंडीबानं एक घोंगडी पाठवली. माझ्यासाठी नाही. निरोप होता, "ज्येनं यंत्र दिलं त्येला." ती घेऊन आम्ही दोघं आज आष्ट्याला गेलो. कृष्णातनं घोंगडी उलगडली, वास घेतला, खांद्यावर टाकून बघितली. मे महिन्यात घोंगडी पांघरून तो अंगणात उभा होता आणि शालूबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

बायका आत बसल्या. मग विजयमाला परसातली शेड बघायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा शांत होती. घरी येईपर्यंत बोलली नाही. उन्हाचा त्रास झाला असेल.

९ मे

विजयमालेनं चमत्कारिक हट्ट धरला आहे. साथ ओसरली आहे तर फटफटी महिनाभर कृष्णातकडे तपासणीला ठेवा म्हणते. मी म्हटलं, यंत्र उत्तम चालतं आहे. म्हणाली, "तरीही. पेरण्या होईपर्यंत राहू द्या तिथं." फटफटीचा आणि पेरण्यांचा काय संबंध, विचारलं.  तिनं परस्पर शालूबाईला निरोपही पाठवला आहे. बायकांची यंत्राबद्दलची काळजी कुठल्या थराला जाते ते बघत राहावं. पण ह्या महिनाभरात तिनं जे केलं त्यानंतर मी तिला नाही म्हणू शकत नाही. उद्या ठेवून येतो.

६ जून

काल संध्याकाळी तार आली. मिरजेच्या पूर्वेला दोन गावांत पुन्हा लागली आहे. लस आज सकाळच्या गाडीनं भिलवडीला. विजयमाला आणि केरबा पेटी घ्यायला स्टेशनवर गेले आणि मी पहिल्या मोटारीनं आष्ट्याला, फटफटी आणायला. मी येणार हे कृष्णातला माहीत नव्हतं.

वाटेतच तो आवाज ऐकू आला. शिवणयंत्रासारखा, पण एका जागी. दारात पाच-सहा बैलगाड्या उभ्या, सगळ्यांत शेंगांची पोती. मी परसात गेलो.

माझी फटफटी दगडांवर उचलून पक्की केलेली होती. मागच्या चाकाचा टायर उतरवलेला, उघड्या धावेवरून लांब पट्टा गेलेला, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ते गजांचं पिंप गरगर फिरत होतं. वरून कृष्णात शेंगा ओतत होता. खाली चाळणीतून दाणे पडत होते आणि टरफलं बाजूला उडत होती. पुढं पत्र्याचा पंखा इंजिनावर वारा घालत होता.

मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. दगडी ओटा, चार बोल्ट, "पडूनच हाय", पोती घेऊन परत गेलेली माणसं, शालूबाईचे अंगठे, आणि मी केलेली ती थट्टा. सगळं एकदम अंगावर आलं. लष्करातून सुटताना मिळालेले सगळे पैसे घालून त्यानं हे शेंगा फोडायचं यंत्र उभं केलं होतं आणि सुरू व्हायच्या आधीच माझ्या सांगाड्यात बसवून दिलं होतं. विजयमालेला ते एका दुपारी कळलं. मला नाही.

आता मी ते पुन्हा मागायला आलो होतो.  परत जाऊन बैलगाडी बघावी असंही मनात येऊन गेलं.

कृष्णातनं मला पाहिलं. माझा चेहरा पाहिला. त्यानं शेंगा ओतायचं थांबवलं.

"कुठं लागली?" त्यानं विचारलं.

मी गावांची नावं सांगितली, विजयमाला पेटीसाठी स्टेशनवर गेली आहे तेही सांगितलं. त्यानं हात घालून इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली आणि पोत्यांवर बसलेली माणसं माना वळवून बघू लागली.

"कृष्णात," मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"म्हाईत असतं तर तुमी घेतलं नसतं. म्हनून तर सांगिटलं न्हाई." तो पट्टा उतरवत होता. "शालू, टायर आन गं तेवढा."

एक म्हातारा शेतकरी पुढं आला. त्याची पोती रांगेत पुढची होती. मला वाटलं आता हा बोलणार, आणि बोलायचा त्याला हक्क होता. पेरणी तोंडावर आली आहे.

"आमची खिलारं खरसुंडीच्या बाजारातनं आन्ल्याली," तो म्हणाला. "तिकडचीच. तितं रोग ऱ्हायला तर फुडल्या साली बैलं कुठनं आनायची? सरका, मी धरतो." आणि त्यानं चाक धरलं.

चौघांनी फटफटी दगडांवरून उचलून खाली ठेवली. कृष्णातनं टायर चढवला, हवा भरली, चेन बोटानं दाबून पाहिली. टाकीत पेट्रोल होतं. परवान्यावर मिळणारं हे पेट्रोल त्यानं कुठून आणलं ते मी विचारलं नाही. शालूबाईनं भाकरी बांधून हातात दिली. मी काही बोलू लागलो तर म्हणाली, "वैनी ठेसनावर थांबल्या आसत्याल. बरफ हाय न्हवं? मग निगा."

मी गाडीला लाथ मारली. पहिल्याच लाथेला चालू झाली. परसातून बाहेर पडण्याआधी सगळ्यांना नमस्कार करावा म्हणून मागं वळलो.

शेडमध्ये पोती सोडलेली होती. कृष्णात, शालूबाई, तो म्हातारा, गाडीवान, सगळे जमिनीवर गोल करून बसले होते आणि खाली मान घालून हातांनी शेंगा फोडत होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.